जुन्या जीप-ट्रॅक्टरसाठी नवा क्लच निवडताना

जीप किंवा ट्रॅक्टर जुना झाला म्हणजे इंजिनाच्या खालोखाल मालकाला खर्चात टाकणारा भाग म्हणजे क्लच. क्लचच्या सुट्या भागांची किंमत एकवेळ सोसते. परंतु तो बदलण्यासाठी ट्रॅक्टर मधोमध तोडावा लागतो, जीपचा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. मजुरी, दोन-तीन दिवसांचा खोळंबा आणि ऐन हंगामात बुडालेल्या खेपा यांचा हिशेब केल्यास खरा खर्च सुट्या भागांपेक्षा कितीतरी जास्त भरतो. अशा वेळी चुकीचा क्लच बसला आणि महिन्याभरात तेच काम पुन्हा काढावे लागले, तर त्या हंगामाची कमाई गॅरेजमध्येच राहते.

अहिल्यानगर, म्हणजे 2024 मध्ये नामांतर होण्यापूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात हा प्रश्न नेहमीचा आहे. प्रवरा, मुळा व गोदावरीच्या पट्ट्यात गळीत हंगामात जुने ट्रॅक्टर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढतात. अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात जुन्या जीपगाड्या दुधाचे कॅन, खताच्या गोण्या आणि माणसे वाहतात. शिवाय नगर हे लष्कराचे ठाणे. रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र आणि लष्करी वाहनांची संशोधन संस्था येथेच आहे. लष्कराने लिलावात काढलेल्या जीप आणि जबलपूरच्या कारखान्यात तयार झालेल्या जोंगा गाड्या हौसेने घेणारे शेतकरीही आहेत. या सर्व गाड्यांचे एक साम्य आहे. मूळ कंपनीचा क्लच सहज मिळत नाही, दुकानदार ‘हा बसतो’ म्हणून जे देईल ते घ्यावे लागते. ‘बसणे’ आणि ‘चालणे’ यांतील फरक मालकाला कळावा, म्हणून ही माहिती देत आहोत.

हा केवळ पैशाचा प्रश्न नाही. इमामपूर, करंजी किंवा चंदनापुरी घाटात भरल्या ट्रॉलीसह क्लच घसरू लागला तर ट्रॅक्टर पुढे जात नाही, आणि भार मागे ओढू लागतो. उलट क्लच पूर्ण सुटतच नसेल तर मळणी यंत्राचा शाफ्ट पेडल दाबूनही फिरत राहतो. दोन्हीत माणूस जायबंदी होऊ शकतो.

आधी खात्री, मग पाना

क्लच गेला असे मेकॅनिकने सांगितले की लगेच गाडी उघडू नये. आमच्या मते उघडलेल्या गाड्यांपैकी काहींचे दुखणे क्लचबाहेरचे असते.

क्लच घसरतो का हे पाहण्याची सोपी रीत अशी. गाडी सपाट जागी उभी करावी, हातब्रेक ओढावा, चाकांना उटी लावावी व पुढे-मागे कोणी उभे नाही हे पाहावे. वरचा गिअर टाकून थोडा रेस देत क्लच हळूहळू सोडावा. क्लच धड असेल तर इंजिन बंद पडते. इंजिन फिरतच राहिले व गाडी जागची हलली नाही, तर क्लच घसरतो असे समजावे. ही चाचणी एकदाच घ्यावी, कारण घसरणाऱ्या क्लचला प्रत्येक चाचणी जाळतच असते.

घसरतो हे नक्की झाले तरी पहिल्यांदा पेडलचा प्ले पाहावा. पेडल हाताने दाबल्यावर सुरुवातीला जी मोकळी चाल जाणवते ती म्हणजे प्ले. बहुतेक जुन्या जीप व ट्रॅक्टरमध्ये ती साधारण 20 ते 30 मि.मी. असते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. प्लेटचे अस्तर झिजत जाते तसा हा प्ले कमी होतो. तो अजिबात उरला नाही की रिलीज बेअरिंग फिंगरला सतत टेकून राहते, स्प्रिंगचा थोडा दाब काढून घेते आणि चांगली प्लेटही घसरू लागते. अशा वेळी नट फिरवून प्ले दिला की काम भागते.

दुसरे कारण तेल. क्लच हाउसिंगच्या खालच्या भोकातून काय गळते ते बोटावर घेऊन पाहावे. काळे व पातळ असेल तर ते इंजिनचे तेल, म्हणजे क्रँकशाफ्टचे मागचे सील गेले. घट्ट, चिकट व उग्र वासाचे असेल तर गिअरचे तेल, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे सील गेले. जुन्या पेट्रोल जीपच्या इंजिनात मागचे सील दोरीच्या पॅकिंगचे असे आणि ते हमखास पाझरते. सील न बदलता नवी प्लेट टाकली तर तीही काही दिवसांत तेलकट होते. पुष्कळ ठिकाणी हे भोक चिखलाने बुजलेले असते. मग गळणारे तेल बाहेर न पडता आतच साचते. भाताची चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरचे व ओढ्यातून जाणाऱ्या जीपचे हे भोक दर पंधरा दिवसांनी तारेने मोकळे करावे.

जीप सुटताना थरथरते, गचके देते, ही तिसरी तक्रार. तिचा दोष नेहमी प्लेटवर येतो. परंतु इंजिनाखालचे रबर फाटले असेल तर गाडी सुटताना इंजिन मागे-पुढे हलते. क्लचची तार किंवा दांडी चेसिसला बांधलेली असल्याने ती आपोआप ओढली-सोडली जाते आणि गचके बसतात. जुन्या विलिज बनावटीच्या जीपमध्ये इंजिन असे हलू नये म्हणून एक आखूड तार दिलेली असे. ती बहुतेक गाड्यांत केव्हाच गळून पडलेली आढळते. रबर व तार यांचा खर्च क्लचच्या मानाने किरकोळ आहे.

क्लच ओढ कशाच्या जोरावर घेतो?

निवडीचा सगळा निर्णय एका साध्या हिशेबावर उभा आहे. क्लच प्लेट फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबली जाते. ती किती टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, न घसरता पुढे देऊ शकते, हे चार गोष्टींच्या गुणाकाराने ठरते. घासणाऱ्या बाजू दोन, अस्तराची पकड, स्प्रिंगचा दाब आणि अस्तराची सरासरी त्रिज्या.

उदाहरणादाखल 9 इंची, म्हणजे सुमारे 228 मि.मी. व्यासाची प्लेट घेऊ. अस्तराचा आतला व्यास 150 मि.मी. धरला तर सरासरी त्रिज्या साडेचौऱ्याण्णव मि.मी. येते. स्प्रिंगचा एकूण दाब 450 किलो व कोरड्या अस्तराची पकड 0.3 धरू. 2 गुणिले 0.3 गुणिले 450 गुणिले 0.0945 म्हणजे सुमारे 25 किलोग्रॅम-मीटर. जुन्या डिझेल जीपचे इंजिन जास्तीत जास्त सुमारे 12 किलोग्रॅम-मीटर टॉर्क देते. म्हणजे क्लचपाशी दुपटीची राखीव ताकद आहे. ओझ्याच्या कामासाठी दुप्पट ते अडीचपट राखीव असावी. मोटारकारला दीडपटीच्या आतही चालते, कारण तिला ट्रॉली ओढायची नसते.

आता याच हिशेबात एकेक आकडा बदलून पाहावा. अस्तरावर तेल आले व पकड 0.3 वरून 0.1 वर आली, तर उत्तर साडेआठ येते. ते इंजिनाच्या 12 पेक्षा कमी, म्हणजे क्लच घसरणारच; मग प्लेट कितीही महागाची असो. स्प्रिंग तापून वीस टक्के ढिल्या झाल्या तर उत्तर 20 येते, अजून काम चालते. आणि 9 इंचीऐवजी दुकानदाराने साडेआठ इंची प्लेट दिली तर? सरासरी त्रिज्या सुमारे 90 मि.मी. होते व ओढ फक्त चार-पाच टक्के कमी होते. म्हणून लहान प्लेट बसवलेली गाडी पहिल्या दिवशी मालकाला काहीच वेगळी वाटत नाही. परंतु अस्तराचे क्षेत्रफळ मात्र सुमारे चौदा टक्क्यांनी घटते. तेवढीच उष्णता कमी जागेत मुरते, अस्तर लवकर झिजते. ‘लहान प्लेट चालते की’ असे सांगणारा खोटे बोलत नाही, फक्त किती दिवस चालते ते सांगत नाही.

यातून असेही दिसते की क्लचची ताकद प्लेटपेक्षा कव्हरच्या स्प्रिंगमध्ये जास्त आहे. म्हणून नवी प्लेट आणि जुने, निळे पडलेले कव्हर ही काटकसर करू नये. प्लेट, कव्हर, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग किंवा बुश हे चारही एकदम बदलावे. पायलट बेअरिंग हा त्यातला सर्वांत स्वस्त भाग, आणि विसरला जाणाराही तोच. ते जाम झाले तर पेडल पूर्ण दाबले तरी गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरत राहतो व गिअर करकर वाजत पडतो.

जास्त कडक क्लच घ्यावा का?

ऊस ओढणारे शेतकरी बहुधा हा प्रश्न विचारतात. कडक स्प्रिंगचे कव्हर घसरत नाही हे खरे. परंतु पेडल दाबताना तो सगळा जोर रिलीज बेअरिंगमधून क्रँकशाफ्टवर पुढच्या दिशेने येतो. तो झेलण्यासाठी इंजिनात पातळ थ्रस्ट वॉशर असतात. कारखान्याच्या काट्यावर रांगेत तासन्‌तास पेडल दाबून बसणारा चालक आणि कडक कव्हर अशी जोडी जमली की हे वॉशर झिजतात, क्रँक पुढे-मागे खेळू लागतो आणि क्लचचे दुखणे इंजिनात शिरते. जुन्या इंजिनात हा खेळ आधीच वाढलेला असतो. म्हणून जुन्या गाडीला मूळ कव्हरपेक्षा फार कडक कव्हर देऊ नये असे आमचे मत आहे. रांगेत उभे असताना गिअर न्यूट्रल करून पाय खाली घ्यावा, हा उपाय फुकटचा आहे.

चालवण्याच्या सवयीचा आणखी एक हिशेब सांगण्यासारखा आहे. गाडी जागेवरून सुटताना क्लच काही क्षण घासतो आणि तेवढ्यात जी उष्णता होते ती गाडी ज्या वेगाला नेऊन सोडायची त्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पहिल्या गिअरऐवजी तिप्पट वेगाच्या गिअरमध्ये भरलेली ट्रॉली उचलली, तर क्लच नऊपट तापतो. चढावर तर याहून जास्त. ‘माझा ट्रॅक्टर तिसऱ्यात उचलतो’ ही फुशारकी अशी महागात पडते.

जीपवाल्यांना तर निसर्गाने नव्हे पण कंपनीने एक सोय दिलेलीच आहे. फोर व्हीलच्या जीपमध्ये ट्रान्स्फर केसचा लो गिअर वेग सुमारे अडीचपट कमी करतो. म्हणजे लो मध्ये सुटताना क्लचची उष्णता सुमारे सहापट कमी. ओढा, चिखल, शेतातला कच्चा चढ अशा ठिकाणी फोर व्हील लावून लो टाकावा. डांबरी रस्त्यावर मात्र फोर व्हील लावू नये. चाके घसरायला जागा नसल्याने शाफ्टवर ताण येतो. पुष्कळ जुन्या जीपचा पुढचा प्रॉपेलर शाफ्ट वजन वाचवण्यासाठी काढून ठेवलेला दिसतो. अशी गाडी डोंगरात वापरायची असेल तर महागडा क्लच घेण्याआधी तो शाफ्ट परत जोडावा.

फिंगरचे कव्हर की डायफ्रामचे?

जुन्या गाड्यांत कव्हरमध्ये सहा, नऊ किंवा बारा गुंडाळी स्प्रिंग आणि तीन फिंगर असतात. नव्या पद्धतीत वाटोळ्या ताटलीसारखी एकच डायफ्राम स्प्रिंग असते व तिच्याच पाकळ्या फिंगरचे काम करतात. डायफ्रामचा मोठा फायदा म्हणजे पेडल हलके पडते. दुसरे म्हणजे, गुंडाळी स्प्रिंगचा दाब प्लेट झिजेल तसा सतत कमी होत जातो. डायफ्रामचा दाब झिजेच्या बऱ्याच मोठ्या भागात टिकून राहतो. फिंगरची उंची जुळवण्याची कटकटही राहत नाही.

मात्र एकाऐवजी दुसरे टाकताना तीन गोष्टी मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत. फ्लायव्हीलवरची बोल्टची भोके जुळतात का, हे पहिले. पाकळ्यांची उंची जुन्या फिंगरएवढी आहे का, हे दुसरे. ती कमी-जास्त असेल तर काट्याची चाल पुरत नाही आणि क्लच एक तर सुटत नाही किंवा बेअरिंग कायम टेकून राहते. तिसरे रिलीज बेअरिंग. तीन फिंगरला सपाट तोंडाचे बेअरिंग लागते, पाकळ्यांना बहुधा गोलाई दिलेले. काही जुन्या गाड्यांत बेअरिंगऐवजी कार्बनचा ठोकळा असतो. तो डायफ्रामच्या पाकळ्यांवर चालवू नये. ज्याच्या गाडीचे जुने जातीचे कव्हर चांगल्या प्रतीत मिळते, त्याने उगाच बदल करू नये. जे मिळतच नाही, तेथे डायफ्रामकडे वळणे योग्य.

अस्तर कोणते?

साधे, म्हणजे दाबून किंवा विणून केलेले काळे-करडे अस्तर हळुवार पकड घेते. शेतीकाम, रोजची जीप, फवारणी यांना हेच योग्य. ते जास्त तापले, सुमारे अडीचशे अंशांकडे गेले, की पकड सोडू लागते व जळका वास येतो. तांबेमिश्रित भुकटीच्या ठोकळ्यांची प्लेट, जिला बाजारात सिरॅमिक प्लेट म्हणतात, ती याहून बरीच जास्त उष्णता सोसते. दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला हंगामात तिचा उपयोग होतो. पण ती झटका देऊन धरते. ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स तो झटका पचवतो. जुन्या जीपचा नाही. जीपमध्ये अशी प्लेट टाकली की प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, मागचे हाफ शाफ्ट आणि गिअरचे दात एकामागून एक तुटण्याची भीती असते. क्लच शाबूत राहील, पण तुटणारा भाग मागे सरकेल. जीपला साधेच अस्तर घ्यावे.

प्लेटच्या मधल्या भागातील चार-सहा लहान स्प्रिंग शोभेच्या नसतात. डिझेल इंजिनाचे धक्के त्या गिळतात. स्प्रिंग नसलेली, घट्ट मध्याची प्लेट स्वस्त मिळते म्हणून डिझेल जीपला घेऊ नये. जुन्या प्लेटच्या स्प्रिंग हाताने हलल्या, खुळखुळल्या, तर ती प्लेट अस्तर शिल्लक असले तरी बाद समजावी.

जुन्या प्लेटला रिबेट मारून नवे अस्तर बसवून देणारे कारागीर तालुक्याच्या गावी मिळतात व त्यांचे काम स्वस्त असते. अशी प्लेट वापरावी की नाही हे इंजिनाच्या फेऱ्यांवर ठरवावे. फिरणाऱ्या वस्तूवर बाहेर फेकणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. ट्रॅक्टरचे इंजिन 2000 फेऱ्यांच्या आसपास चालते, पेट्रोल जीप 4000 पर्यंत जाते. प्लेट लहान असूनही जीपच्या अस्तरावर हा जोर ट्रॅक्टरच्या सुमारे तिप्पट येतो. ट्रॅक्टरला अडचणीत एखादा हंगाम असे अस्तर चालवून घ्यावे, पेट्रोल जीपला नको. अस्तर फुटले तर तुकडे हाउसिंग फोडून बाहेर येऊ शकतात आणि चालकाचे पाय तेथेच असतात.

येथेच एक इशारा द्यावासा वाटतो. जुन्या अस्तरांत एस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. क्लच उघडला की गॅरेजमधील पोरगा हवेचा पाइप घेऊन धूळ उडवतो. ही धूळ फुप्फुसात साचते व तिचे आजार वीस-तीस वर्षांनी उमटतात. हवा मारू न देता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे, फडके पिशवीत बांधून टाकावे.

इंजिन बदललेली जीप

आपल्या भागातील अनेक पेट्रोल जीपना मालकांनी डिझेल इंजिने बसवली. कुणी महिंद्रचे, कुणी मॅटाडोरचे. अशा जीपचा क्लच म्हणजे दोन घरची सोयरीक. कव्हर आणि प्लेटचा व्यास फ्लायव्हीलशी, म्हणजे इंजिनाशी जुळायला हवा. प्लेटच्या मध्यातील दाते मात्र गिअरबॉक्सच्या शाफ्टशी. दुकानात नुसते ‘सीजे जीपचा क्लच द्या’ किंवा ‘मॅटाडोरचा द्या’ म्हटल्यास दोन्हीही चुकतात. विलिजच्या जुन्या तीन गिअरच्या गिअरबॉक्सच्या शाफ्टला 10 दाते व सव्वा इंचाला थोडा कमी, म्हणजे 1⅛ इंच व्यास असे. परंतु मधल्या काळात गिअरबॉक्सही बदललेला असू शकतो. म्हणून पुस्तकातील आकड्यावर विसंबू नये. दाते मोजावेत, व्यास व्हर्नियरने घ्यावा.

अशी प्लेट एकदा सापडली, की तिच्यावरचा व कव्हरवरचा नंबर वहीत लिहून ठेवावा आणि हाउसिंगवर आतून रंगाने लिहावा. पुढच्या वेळी निम्मी धावपळ वाचते. इंजिन बदलाची नोंद नोंदणी पुस्तकात आहे ना, हेही या निमित्ताने पाहावे. मोटार वाहन कायदा 1988 प्रमाणे ती आवश्यक आहे आणि अपघातानंतर विमा कंपनी पहिल्यांदा तेच पाहते.

डबल क्लचचा ट्रॅक्टर

डबल क्लचमध्ये एक प्लेट गिअरबॉक्सची व दुसरी पी.टी.ओ.ची असते. पेडल अर्धे दाबले की ट्रॅक्टर थांबतो, पी.टी.ओ. चालू राहतो, पूर्ण दाबले की दोन्ही थांबतात. हा क्लच महाग पडतो म्हणून त्या जागी सिंगल बसवून देण्याचा सल्ला काही ठिकाणी मिळतो. ट्रॅक्टर केवळ वाहतुकीला असेल तर विचार करण्यास हरकत नाही. पण डाळिंब-द्राक्षाच्या बागेत फवारणी ब्लोअर, रोटाव्हेटर किंवा कडबाकुट्टी यांवर ट्रॅक्टर चालत असेल तर हा बदल करू नये. वळणावर ट्रॅक्टर थांबताच ब्लोअरही थांबतो, औषधाचा दाब पडतो आणि काम दुप्पट वेळ घेते.

डबल क्लच बसवताना फिंगरची उंची गेजने सारखी करणे आणि पी.टी.ओ.च्या बोल्टमधील फट पुस्तिकेप्रमाणे ठेवणे, ही कामे अंदाजाने होत नाहीत. फट चुकली तर पेडल तळाला गेले तरी पी.टी.ओ. सुटत नाही. काम झाल्यावर शाफ्टला कोणतेही अवजार न जोडता, शाफ्टपासून दूर उभे राहून, पेडल दाबल्यावर तो थांबतो का हे मालकाने स्वतः पाहावे आणि मगच पैसे द्यावेत.

फ्लायव्हील आणि जोडणी

फ्लायव्हीलवर निळे डाग, बारीक तडे किंवा चर असतील तर लेथवर हलका कट घ्यावा. येथे एक चूक वारंवार होते. काही फ्लायव्हील खोलगट असतात. प्लेट खालच्या पातळीवर घासते आणि कव्हर वरच्या कडेवर बसते. लेथवाल्याने फक्त घासणारा भाग एक मि.मी. उतरवला तर कव्हर तेवढेच दूर राहते, स्प्रिंग कमी दबतात आणि कोरा क्लचही घसरतो. जेवढा कट आत, तेवढाच कडेवर घ्यायला सांगावे. सपाट फ्लायव्हीलला ही अडचण नाही.

जुनी प्लेट बाद झाली का हे रिबेटवरून ठरवावे. अस्तराच्या पृष्ठभागापासून रिबेटचे डोके अर्ध्या मि.मी.पेक्षा कमी खोल राहिले असेल तर ती पुन्हा टाकू नये. जीपच्या नव्या प्लेटची एकूण जाडी साधारण 8 ते 9 मि.मी. असते, नवी म्हणून घेतलेली प्लेट याहून पातळ भरली तर ती परत करावी. खोके पाहून खरेदी करू नये. नामांकित कंपन्यांच्या खोक्यात हलका माल भरून विकला जातो. प्लेट हातात घेऊन मधल्या स्प्रिंग घट्ट आहेत का, रिबेट सारख्या खोलीवर आहेत का, मधला दातेरी भाग शाफ्टवर सैल न डुगडुगता पण हाताने सरकतो का, हे पाहावे. पक्के बिल घ्यावे.

बसवताना प्लेटची ‘फ्लायव्हील साइड’ लिहिलेली बाजू इंजिनाकडेच यावी. मध्य जुळवण्यासाठी जुना गिअर शाफ्ट किंवा सुताराकडून करून घेतलेला लाकडी दांडा वापरावा. कव्हरचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे-थोडे करून आवळावेत. एकच बाजू आवळली तर कव्हर वाकते. दात्यांवर ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा, जास्त ग्रीस फिरताना उडून अस्तरावर जाते. गिअरबॉक्स आत सरकवताना त्याचे वजन प्लेटवर लटकू देऊ नये. दोन माणसे आणि जॅक नसताना जीपचा गिअरबॉक्स चढवणे म्हणजे नवी प्लेट वाकवून ठेवणे होय.

नवा क्लच पहिले दीडशे किलोमीटर किंवा ट्रॅक्टरला पहिले वीस-पंचवीस तास हलक्या कामावर चालवावा. त्या काळात अस्तर फ्लायव्हीलवर बसते आणि प्ले थोडा बदलतो. तो पुन्हा मोजून जुळवून घ्यावा व नंतरच ट्रॉली जोडावी.